मागचा डावा

पुंता अरेनासमध्ये दार दोन्ही हातांनी उघडायचं असतं,
आधी वारा आत येतो, मग माणूस.
मी बॉक्स छातीशी धरून आलो,
बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाठीवर कंपनीचं नाव.
दोन्या नेवेन्का म्हणाल्या,
"जुना लगेच नेऊ नका. नवा आधी बोलू दे."

नवा बोलेना.
चित्र झकास, हिरवळीचं एकेक पातं मोजून घ्यावं असं,
पण आवाज टीव्हीच्या पोटातून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.
आणि खोलीभर पाच स्पीकर गप्प,
लग्नाला बोलावलेले, पण पंगतीला न बसवलेले.

अ‍ॅम्प्लिफायर यार्कोंनी घेतलेला, दोन हजार सहाचा,
उचलला तर कमरेला कळतं.
पाठीमागे त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या:
"व्हिडिओ". "हा नको". "हा खरा".
एचडीएमआयला जागाच नाही.
एकच वाट उरली, ऑप्टिकल:
दोरीएवढी तार, आत केसाएवढा उजेड.
खोचली. काही नाही.
उपसून फुंकर मारली, पुन्हा खोचली. काही नाही.
वीस मिनिटं मेनूमध्ये हिंडलो
आणि मग दिसलं,
टोकावरचं पारदर्शक टोपण मी काढलंच नव्हतं.
एकोणीस वर्षं हेच काम करतोय.
त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.
माते ओतून माझ्यासमोर ठेवला.

तांबडा ठिपका आता खरोखर आत गेला,
तरी आवाज फक्त पुढच्या दोघांतून.
बॉक्सच्या सेटिंगमध्ये पाहिलं: स्टीरिओ.
आडातच दोन, तर पोहऱ्यात पाच कुठून?
बदललं,

आणि खोली उघडली.
प्रेक्षक भिंतींना टेकून उभे राहिले,
शिट्टी कपाटाजवळून गेली,
आणि मागच्या डाव्यातून कुणी एक असा ओरडला
की बशीतला चमचा हलला.
कानामागून आला आणि तिखट झाला.
आकडे उघडले. मधला शून्य, उजवा शून्य,
मागचा उजवा शून्य,
मागचा डावा: अधिक नऊ.

"बिघाड आहे," मी म्हणालो, "सगळं मूळ ठिकाणी आणतो."
"बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "यार्को आहे."

डावा कान कॉम्प्रेसरने खाल्लेला,
मेंढ्यांच्या मांसाचा कारखाना, एकतीस वर्षं.
शनिवारी सिनेमा लागला की म्हणायचे,
मागून कोण येतंय ते मला कळलं पाहिजे.
"त्यांची खुर्ची ती, पलीकडे.
माझी ही, बरोबर त्या डब्याखाली.
त्यांना जेमतेम पोचायचं,
माझ्या कानात घोडे, गोळ्या, काचा. बारा वर्षं."

मी बोट मागे घेतलं.
अशा घरांत लोक म्हणतात, असू द्या, राहू द्या.
मी तेच ऐकायला तयार बसलो होतो.

"करा शून्य," त्या म्हणाल्या.

नऊ, आठ, सात.
चारवर एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्या मॅच बघत होत्या.
शून्य.
पुस्तिकेत लिहिलंय तशी खोली समतोल झाली.
त्या आपल्या खुर्चीत बसल्या,
थोडं मागे रेलून, मान मोकळी सोडून.

मग त्यांनाच आधी दिसलं: समालोचकाचे शब्द पुढे, ओठ मागे.
आवाजाला ऐंशी मिलिसेकंद थांबायला सांगितलं.
थांबला.

सही घेतली. जुना बॉक्स पिशवीत.
दाराशी पिशव्या काढून बूट मोकळे केले होते,
तेवढ्यात आतून:
"ऐका. दोन द्या."
"काय दोन?"
"मागच्या डाव्याला. दोनच."

पुन्हा पिशव्या चढवल्या, आत गेलो, दोन दिले.
त्यांनी ऐकलं, हाताने पुरे म्हणाल्या.
फॉर्मवर लिहिलं: बॉक्स जोडला, तक्रार नाही.

रात्री घरी खिशात ते टोपण सापडलं.
तसं तर फेकायचंच आहे.