दातांनी ऐकणारा

लास हेरासमध्ये वारा काही नवा नाही.
तो पत्रे वाजवतो, कुत्र्यांना तिरकं चालायला लावतो.
म्हणून आधी मला वाटलं, वाराच असेल:
टिक्. टिक्. एक ठोका गिळून, टिक्.
तीन दिवस मी कानांवर हात ठेवले.
चौथ्या दिवशी चढावर फाल्कन थरथरली
बशीतल्या कपासारखी.

शेजारी एवारिस्तो. चाळीस वर्षं तेलविहिरींवर,
पंपांनी त्याचे दोन्ही कान खाल्लेले.
मी खुणा करत राहिले, त्यानं पाहिलंच नाही.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं
आणि मूठ धरली
उरलेल्या चार दातांत.
मला हसू आलं. मग गेलं.
डोळे मिटून तो सरकत होता,
एकेका सिलिंडरवर थांबत.
मी म्हणाले होते, पहिला.
त्यानं पंजा उघडून दाखवला: पाच.

झाकणाखाली काळं तेल, जळकट गोड वासाचं.
एक रॉकर दुधाच्या दातासारखा हलत होता.
बारा पुशरॉड उपसून
बुटांच्या खोक्याला बारा भोकं पाडून उभे केले.
ज्याचं घर त्यालाच,
एवढं एकच वाक्य तो दिवसभर ओरडत होता.
मग माझा आरसा भिंतीवरून उतरवायला लावला
आणि काचेवर एकेक रॉड गडगडवला.
नऊ सरळ गेले.
दहावा लंगडला, आपल्याच प्रतिबिंबाला
शिवत, टाळत, शिवत.

बदलला की झालं, मी म्हटलं.
त्यानं बोट हलवलं:
वाकला त्याला काय धरतेस,
अडून कोण बसलंय ते बघ.

स्पार्क प्लगच्या भोकातून
कपडे वाळत घालायची दोरी आत सोडली,
हातभर, आणखी हातभर.
पुली हातानं फिरवली. पिस्टननं दोरी दाबली,
दोरीनं व्हॉल्व्हला खालून उचलून धरलं.
स्प्रिंग दाबताच दोन इवल्या पाचरी सुटल्या:
एक चुंबकाला चिकटली,
एक गेली.
तासभर आम्ही दोघं गुडघ्यांवर.
सापडली त्याच्याच पँटच्या दुमडीत.
मग दोरी काढली, पिस्टन वरच ठेवून
अडकलेला दांडा रॉकेल घालून वरखाली, वरखाली,
काजळी सुटेपर्यंत,
येर्बाच्या चोथ्यासारखी.

नवा रॉड गुरुवारी कोमोदोरोच्या बसनं आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

चावी फिरवली. मला फक्त वारा ऐकू आला.
त्यानं पुन्हा मूठ दातांत धरली.
पाचव्यावर. सहाव्यावर.
मग कुठेही, नुसतीच.
सोडेचना.
मी खांद्याला हात लावला: अजून काही आहे?
त्यानं मान हलवली, नाही,
आणि डोळे मिटलेलेच ठेवले.
डाव्या पायाचा पंजा मातीत
हळूहळू ठेका धरत होता.

वाकडा रॉड आता खुराड्याची कडी आहे.
आरशावर तेलाची एक रेघ राहिलीय, पुसली तरी जात नाही.
केस विंचरताना
मी थोडी वाकते.