तीसपैकी एकवीस

दोघांनाही तीसपैकी एकवीस.
मी कागद दोनदा तपासले,
नावांची अदलाबदल तर झाली नाही ना.

ओउलू. जानेवारी. दुपारचे दोन
आणि खिडकीबाहेर दिवस आवरत आलेला.

आधी हिल्क्का आत आली, वय एकोणऐंशी.
पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हटलं:
काकडी, पूल, लोकर, शिट्टी, मीठ.
पाच मिनिटांनी विचारलं, तर हसली.
"एवढंच होय!"
आणि मोजून पाच शब्द दिले:
बटाटा, बटाटा, माझी बहीण, होडी,
आणि एक, जो कुठल्याच भाषेत नाही.
मी सुचवून पाहिलं, खारट असतं बघा.
"हेरिंग मासा," म्हणाली, शाबासकीची वाट बघत.
मग घड्याळ काढलं, सगळे आकडे उजवीकडे,
जहाज कलावं
आणि बाराच्या बारा प्रवासी एका कठड्याशी धावावेत, तसे.

नंतर तिचा नवरा, तौनो.
आज वार कोणता? माहीत नाही.
शंभरातून सात? खांदे फक्त.
पाच शब्द? माहीत नाही.
ओल्या ओंडक्यासारखं जड होतं ते 'माहीत नाही'.
मी म्हटलं, खारट असतं.
"मीठ."
मेंढीच्या अंगावरची? "लोकर." रेफरी वाजवतो ती? "शिट्टी."
पाचही शब्द घरातच होते,
उठून कडी काढायला कुणी नव्हतं.

बोलतं करावं म्हणून कामाचं विचारलं.
चाळीस हिवाळे त्याने गोठलेल्या समुद्रावरचा,
बेटाकडे जाणारा रस्ता सांभाळला होता.
गिरमिटाने भोक पाडायचं, पट्टी सोडायची,
बर्फाची जाडी वहीत लिहायची,
आणि ठरावीक अंतरावर स्प्रूसची फांदी रोवायची,
वादळात गाडी भरकटू नये म्हणून.
"बर्फ वितळला की रस्ता बंद," तो म्हणाला,
"त्यात काही प्रश्न नाही.
पण कधी बर्फ हातभर जाड असतो,
फांद्या जागच्या जागी,
आणि सकाळपासून एक गाडी येत नाही."

एवढं बोलून दमला.

हे मी अहवालात लिहिलं नाही.
तिच्या कागदावर: हिप्पोकॅम्पस आक्रसलेला, सुचवूनही आठवत नाही.
त्याच्या: गती मंद, कपाळामागची सर्किटं सुस्त,
सुचवल्यावर आठवतं. नैराश्य संभवते.
'संभवते' हा आमचा जपून वापरायचा शब्द.
कारण जाड बर्फालाही कधी कधी
खालून पाणी आधीच खात असतं,
आणि माझ्या टेबलावर गिरमिट नाही.
सहा महिन्यांनी परत या, एवढंच आहे.

दार उघडं होतं, म्हणून पुढचं दिसलं.
बाकावर बसून तिने विचारलं,
"आपण इथे कशाला आलो होतो रे?"
"माहीत नाही," तो म्हणाला.
त्याला माहीत होतं.
"मग घरी जाऊ," असं म्हणत
तिने त्याच्या हातात स्वतःचा लाल मोजा चढवला,
अंगठ्यापाशी अडला, तरी ओढून.
त्याने तो हात थोडा वेळ निरखला. काढला नाही.

बाहेर पार्किंगमध्ये दिवे लागले होते.
ती तरातरा
कुणाच्यातरी निळ्या गाडीकडे निघाली.
तो मागोमाग निघाला,
आत येतानापेक्षा जरा भराभर.