चिकट तास

पोर्वोच्या किनाऱ्यावर समुद्र गोठलाय,
पण चार नंबरच्या रिअ‍ॅक्टरच्या पोटात, नव्वद अंशांवर,
पाणी आणि स्टायरीन
अजून एकमेकांना ओळख देत नाहीत.

इथे घुसळतात ते लोणी येऊ नये म्हणून.
पातं फिरतं, थेंब फुटतो,
फुटलेला जाऊन शेजाऱ्याला मिळतो,
पुन्हा फुटतो.
किती फुटायचं आणि किती मिळायचं
याचा हिशेब: मिनिटाला बासष्ट फेरे.

राइली होन्कासालो आकड्यांकडे बघत नाही.
कठड्यावर तळहात टेकते.
एकतीस वर्षांत गिअरबॉक्सची थरथर
तिच्या मनगटात मुरलीय,
लोणच्यात मीठ मुरावं तशी.

पहाटेचे तीन.
आता थेंब ना पातळ ना घट्ट,
शिवेल त्याला धरून बसणारे.
आणि नेमके याच तासाला दिवे मिचमिचतात.
पातं थांबतं.
अकरा सेकंद.

ओत्सो बाटलीतला नमुना उजेडात धरतो.
"मोठे झालेत. वेग वाढवू?"
वय तेवीस. बोट बटणावर.
"नको. आता ढोसलंस
तर जास्तच गळ्यात पडतील."
आणि पांढऱ्या फॉस्फेटची पिशवी
ती स्वतःच उचलते.
पोळी लाटताना लावतात तसं
प्रत्येक थेंबाला पिठी लागावी,
चिकटू नये इतपतच.

ती सांगत नाही
तिच्या इथल्या दुसऱ्या हिवाळ्याची गोष्ट:
याच भांड्यात सबंध घाणा
एकच दगड होऊन बसला होता,
बावीस टनांचा,
आणि आर्वो छिन्नी घेऊन आत उतरला होता.
नऊ दिवस. दहाव्या दिवसापासून
त्याला डाव्या कानाने ऐकू येईना.
लग्न त्यानंतरच्या जूनमधलं.
अजूनही जेवताना ती
त्याच्या उजव्या हातालाच बसते.

साडेपाचला बाटलीतले मणी
तरंगायचं सोडून तळाशी जातात.
आता कुणी कुणाला मिळणार नाही.
चाळणी म्हणते, दीड मिलिमीटर.
मासळीच्या खोक्यांना हवा होता एक.
ओत्सो वहीत लिहितो, नापास.
राइली ते खोडते,
वर लिहिते: छताखालच्या फळ्यांना चालेल.

पाळी संपते. हातमोजा झटकताना
एक मणी फरशीवर उडतो,
कच्च्या साबुदाण्याहूनही लहान,
आणि दोघंही, उगाच,
तो कुठे जाऊन थांबतो
ते बघत उभी राहतात.