अकराला अकराच

त्सेसिसच्या पुढे, मार्च सरत आला तरी बर्फ घोट्यापर्यंत,
स्काइद्रिते बाईंनी आम्हा नऊ जणांना
भूर्जांच्या एका रांगेसमोर उभं केलं.
सात झाडं. पांढऱ्या सालीवर कोळशाने लिहिलेलं,
कोण दिवसाला किती लिटर रस देईल ते:
सहा, नऊ, पाच, एक, दोन, आठ, तीन.

वनरक्षक आर्विड्सची अट एकच.
ज्याला भोक पाडाल, त्याच्या लगतच्याला हात लावायचा नाही.
खाली मुळांत मुळं गुंतलीत,
दोघांना एकदम तहान लागली तर मागायचं कुणाकडे?

आता सांगा, जास्तीत जास्त किती?

गुंटिस थेट नवाकडे धावला. मिठीच मारली त्याला.
मग आठाकडे. मधलं एक उरलं होतं, तेही घेतलं.
अठरा! म्हणाला, नाकातून वाफ सोडत.
मी पहिल्यापासून एकाआड एक मोजली: सोळा.
गुपचूप हातमोजे चढवले.

झेल्मा अजून रांगेच्या टोकाशीच.
ती पुढे बघतच नव्हती.
प्रत्येक झाडाला तेच विचारत होती:
तुला सोडलं, तर मागचा हातचा आहे तसा.
तुला घेतलं, तर त्याच्याही मागचा हातचा, अधिक तू.
मोठं ते ठेवायचं. चालायला लागायचं.

काठीने बर्फात लिहीत गेली
सहा
नऊ
अकरा
(इथे गुंटिस थबकला. नऊ हातचं सुटलं होतं
आणि हिला त्याचं काहीच नव्हतं)
चौथ्यापाशी पुन्हा अकरा.
अकराला अकराच? कुणीतरी फिस्सकन हसलं.
ती म्हणाली, झाड दिसलं की घ्यायलाच हवं का?
तेरा
एकोणीस
आणि शेवटच्या तीनापाशीही एकोणीसच.

मग उलटी फिरली, आपल्याच पावलांत पाऊल टाकत.
आठाला लाल दोरा. पाचाला. सहाला.
एक आणि दोन जोडीने कोरी राहिली.
बर्फातला तेरा कुणाच्याच कामी आला नाही,
तरी तो लिहिल्याशिवाय कळणार कसं होतं.

आर्विड्सने गिरमिट फिरवलं.
रस पाण्यासारखाच, गोडी कळेकळेपर्यंत संपणारा.
गुंटिसने पाचाच्या झाडाचा मागून घेतला.

बसपाशी बाई सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या,
रांग वळवून वाटोळी केली,
सहा आणि तीन शेजारी झाले, तर?

गुंटिस पायरीवरून परत खाली उतरला.
झेल्माने मात्र खिडकीची जागा धरली,
डोळे मिटले,
बहुतेक दोऱ्याच मोजल्या असाव्यात.