शिंगोटी

पेठ फाट्यावरून सहाची गाडी.
सावळघाटात काचेला ढग टेकतो,
करंजाळीला मी एकटीच उतरते.
पिशवीत भिंग, चाकू, वर्तमानपत्राच्या घड्या
आणि पाठ केलेल्या खुणांची वही.

भादव्याचं ऊन, चिकट.
रंगी भोये पुढे,
पायात लेकीचे गुलाबी प्लास्टिकचे बूट.
"ऊन पडलंय तिथं नको हुडकू,
ऊन विसरलंय तिथं बघ."

ऐनाच्या बुडाशी कुजका पाला.
परातीतलं पीठ सारावं
तशी ती तळहाताने तो सारते,
आणि आत
एका बुंध्यातून दोन, दोनातून चार,
चारांच्या टोकांना पुन्हा फाटे,
फिकट पिवळी, बोटभर उंच.

मी म्हणते, प्रवाळ.
समुद्र इथून चार डोंगररांगा पलीकडे.
ती म्हणते, शिंगोटी,
आणि हरणं तर
तिच्या सासऱ्यानेच शेवटची पाहिलेली.

मी वही उघडते.
बुंधा पांढरा? टोकं बोथट?
गर तंतूंचा, की खळीसारखा बुळबुळीत?
रंगी नखाने बुंध्यावर ओरखडा काढते
आणि विडी पेटवते.
"थांब. तिला राग येतो का बघू."
विडी संपते. ओरखडा आहे तसाच.
ती वास घेते, मला देते.
ओल्या मातीचा, आणि मागून थोडा
सोललेल्या काकडीचा.
"ही आपली."

दहा पावलांवर दुसरी, थेट तिच्यासारखी.
ओरखडा आधी गुलाबी,
मग दिंडोरीच्या काळ्या द्राक्षाचा
बाहीवर पडावा तसा डाग.
ती पुन्हा पाल्याखाली जाते.

"चाखून ठरवायचं नाय," रंगी सांगते.
"माझा दीर, धवळू. पांढरी छत्री खाल्ली.
ताटलीत बोट फिरवून म्हणला,
वहिनी, गोड झालीय.
तिसऱ्या दिशी सिव्हिलला नेला."

पुढे ती बोलत नाही.
सिव्हिलच्या तळमजल्यावर
अकरा वर्षं मी नळ्यांवर चिठ्ठ्या डकवते,
यकृताचे आकडे लिहून वर पाठवते.
त्यांतला एक धवळूचा असेल.
नसेलही.
कोणतं वर्ष, मी विचारत नाही.

ओढ्याच्या काठी तिसरी.
टोकं जांभळट, बुंधा मळका.
माझी वही गप्प, रंगीही.
"वाईट हाय असं म्हणत नाय मी.
वळख नाय, एवढंच.
वळख नाय त्याला चुलीपर्यंत न्यायचं नाय."
मग माझ्याकडे बघून
पळसाच्या वेगळ्या पानात ती बांधून देते.
"रांधू नको. नुसती बघ."

दुपारी तिच्या घरी
लसूण, मीठ, लोखंडी तवा, नागलीची भाकर.
पहिला घास तिने घेतला.
मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले,
आकड्यांना सरावलेल्या डोळ्यांनी,
आणि तिला ते कळलं.
"जेव," ती म्हणाली, "माझ्या लेकी पण जेवल्यात."
मी जेवले.
चव? कोंबडीच्या जवळची, म्हणतात लोक.
मला ती पावसात उभ्या राहिलेल्या
झाडाच्या सालीची वाटली.

रात्री इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर,
पळसाचं पान सोडलं.
वीजबिलाच्या कोऱ्या पाठीवर
जांभळट टोकांची ती आडवी ठेवली,
वर स्टीलचं पातेलं उपडं घातलं,
दोनदा साबणाने हात धुतले.

सकाळी पातेलं उचललं.
हळदीहून मळकी, गेरूहून फिकी
भुकटी उतरली होती कागदावर,
फांदी फांदी, रातभर
कुणाला न सांगता.
खाली मी लिहिलं:
करंजाळी. ओढ्याचा उत्तर काठ. ऐन.
नावापुढे रेघ ओढली, कोरी.

रंगीचा फोन.
"खाल्ली नाय ना?"
"नाही."
"मग झालं," म्हणाली,
आणि बकऱ्यांवर ओरडत फोन ठेवला.

बिलाची मुदत शुक्रवारी संपली.
कागद अजून फडताळात आहे,
श्वास लागू नये म्हणून
वर काच ठेवली आहे.