तिकडे

आमच्या ऑफिसात त्या विमानतळाचं नाव कोणी घेत नाही.
जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं
नुसतं ‘तिकडे’ म्हणतात.
तिकडे आज नवी लाउंज उघडली.
तिकडे पार्किंग महागलं, लिही.
मी लिहितो.

रास अल खैमा. एक धावपट्टी, दोन गेटं,
सामानाचा एकच पट्टा, वळणावर किरकिरणारा,
आणि एसीखाली झोपायला येणारं मांजर,
उबैद साहेबांनी त्याचं नाव ठेवलंय ‘ट्रान्झिट’.
माझं काम माणसं वळवणं.

दहा किलो जादा सामान, ही कल्पना माझी.
तिकडे तीस, आमच्याकडे चाळीस.
दहा किलोंत काय मावतं ते मला पाठ आहे:
एक दुपदरी ब्लँकेट, दुधाच्या पावडरीचे दोन डबे,
अख्ख्या आळीला पुरेल इतका डोकेदुखीचा बाम.
फुकट बस, तीही माझीच.
गुलमीर खान ती चालवतो
लेबर कॅम्पच्या दारातून थेट आमच्या दारात,
आणि सिमेंटचे कारखाने दिसले की सांगतो,
‘आलंच आता.’
अजून पंचवीस मिनिटं असतात.

मध्ये एक सल्लागार आला.
उंटावरून शेळ्या हाकणारा,
इथे तर उंटही खरे.
‘तुमचं वेगळेपण काय?’ त्यानं विचारलं.
काउंटरवरची लिसम्मा म्हणाली,
‘आमच्याकडे हरवायला जागा नाही.’
पुढच्या महिन्यात हायवेवर तिचं वाक्य लागलं,
ऊंटाएवढ्या अक्षरांत.
तिला एक केक मिळाला.

मुंबईचं विमान आम्ही ओढून आणलं होतं.
सात महिने.
पोस्टरं मीच चिकटवली, मराठीतसुद्धा: घर जवळ आलं.
आठव्या महिन्यात ते तिकडे गेलं.
पोस्टर खरवडलं, तर एक कोपरा भिंतीला राहिला,
‘घर ज’ एवढाच.

म्हणून हेमांगीचं तिकीट तिकडचं.
दोन वर्षांनी येत होती. ऑफिसात बोललो नाही.
रजेच्या अर्जावर लिहिलं, दाताचं काम.

त्या पहाटे तिकडे धुकं पडलं.
इकडे आभाळ लख्ख, डोंगरावरून वारा.
पाचला फोन आला: रजा रद्द, लगेच ये.
नऊपर्यंत अकरा विमानं आमच्या अंगणात,
चुकून भलत्याच मांडवात शिरलेल्या वऱ्हाडासारखी,
एकमेकांना खेटून, दारं बंद.
कोणाला उतरायची परवानगी नाही.
उबैद साहेब काचेशी उभे होते. इतकी विमानं
त्यांनी इथे कधी पाहिली नव्हती.
कंदुरा सारखा करत राहिले.

मग माझा मोबाइल वाजला.
‘अहो, भलतीकडेच उतरवलंय. छोटंसं काहीतरी आहे.
आपल्या देवरुखच्या स्टँडएवढं.’
‘डोंगर दिसतात?’
‘दिसतात. बोडके.
आणि एक मांजर चाललंय, अगदी आरामात.’
‘तू कुठे बसलीयेस?’
‘पंखाच्या मागे.’

अकरा विमानं. बावीस पंख.
मी पिवळं जाकीट काढून हलवलं,
आधी एकाकडे, मग सगळ्यांकडे.
तीन-चार खिडक्यांतून कोणी कोणी हात केले.
‘दिसलो का?’
‘कोणीतरी पिवळं फडकवतंय,’ ती म्हणाली,
‘धुणं वाळत घालतायत वाटतं.’

साडेदहाला तिकडचं धुकं विरलं.
एकेक विमान वळलं आणि गेलं.
साहेबांनी आकडे मागितले. मी भरले:
उतरलेली विमानं, अकरा.
उतरलेले प्रवासी, शून्य.
खाली सही केली.

गुलमीर रिकामी बस घेऊन परत निघाला होता.
मी चढलो. एकटाच.
सिमेंटचे कारखाने मागे पडले तेव्हा
आरशात बघत त्यानं विचारलं,
‘दात फार दुखतोय?’
‘फार,’ म्हटलं, ‘जरा जोरात घे.’