माफी हवा

सोहारच्या बंदरामागे आमची लॅब.
दोन खोल्या, एक फ्रीज, एसीखाली ठेवलेलं टमरेल.
कपाटात बरणी, मँगनीज सल्फेटची.
रंग फिका गुलाबी,
तान्ह्या बाळाच्या नखांसारखा.

बाबांना सांगितलं तर फोनवर हसले,
"मांगनीज गुलाबी कधी झालं व माय?"
त्यांचं काळं. चिखल्याच्या खाणीतलं.
एकतीस वर्षं नखांत, रुमालात, मोरीच्या फरशीवर.
मी म्हटलं, भाजतात, आम्लात विरघळवतात,
गाळतात, आटवतात,
मग ते असं लाजतं.

खल्फान एरवी येतो तो हीच भुकटी मागायला.
त्याच्या खजुरांना शेंड्याची पानं
करपलेली, आखडलेली फुटतात.
चुनखडीची माती. मँगनीज आहे तिच्यात,
पण मूठ उघडत नाही ती.
"फवारायचं तर दुकानातून गोणी आण," मी सांगते,
"माझी बरणी फक्त समुद्रासाठी."

आज तो बादली घेऊन आला.
बादलीत तारल्या, पोटं वर.
रात्री पाणी हिरवं, दाट झालं होतं म्हणे.

बुडबुडा न येऊ देता भरलेली बाटली.
पिपेट खोल नेऊन आधी सल्फेट,
मग अल्कली-आयोडाइड.
पाण्यात श्वास असला तर
मँगनीज तो धरतं आणि तपकिरी होतं,
चहाच्या चोथ्यासारखा साका बसतो.
मग आम्ल, मग स्टार्चची निळाई,
मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत
ती निळाई घालवायची.
जितके थेंब, तितका प्राणवायू.

आज साका पांढरा.
बाटली उलटीसुलटी केली. थांबले.
पांढराच.
फाटलेल्या दुधासारखा.

खल्फान खांद्यावरून बघत होता.
"क्या बोलता?"
मी म्हटलं, "माफी हवा."

इथे माफी म्हणजे नाही.
सात वर्षांत जीभ वळली,
कान मात्र तुमसरचेच राहिले.
दर वेळी वाटतं, कुणीतरी क्षमा मागतंय.
त्याने मान हलवली, बादली उचलली.
फरशीवर खवल्यांचा ओला गोल राहिला.

रजिस्टरात शून्य. वेळ. सही.
बरणीचं झाकण घट्ट लावलं,
ओल लागली की खडे होतात.

बाबांचा मेसेज येऊन पडला होता, रोजचा.
बोटाला चिमटा, चिमट्यावर आकडा: ब्याण्णव.
खाली लिहिलं होतं,
"काल एक्क्याण्णव होता."